समाजमाध्यमे आणि आरोग्याचा निरोप

आरोग्यशिक्षणाची भित्तिपत्रके, प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर रंगवलेल्या घोषणा, आकाशवाणीवरच्या डॉक्टरांच्या मुलाखती आणि गावोगावी फिरणारी कलापथके या सर्व साधनांत एक गोष्ट समान होती, ती म्हणजे बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण हे आधीच ठरलेले असे. समाजमाध्यमांनी ही विभागणी मोडली. ज्यांवर वापरणारेच मजकूर तयार करतात, तेच तो एकमेकांना पाठवतात आणि त्यावर मतही देतात, अशी व्हॉट्सॲप, फेसबुक, यूट्यूब, इन्स्टाग्राम यांसारखी माध्यमे म्हणजे समाजमाध्यमे, अशी व्याख्या केली, तर आरोग्य विभागाचा अधिकारी, दवाखाना चालवणारा डॉक्टर, मधुमेहावर हमखास काढा विकणारा व्यापारी आणि शेजारच्या गल्लीतले निवृत्त गृहस्थ हे चौघेही तिथे एकाच पडद्यावर, एकाच आकाराच्या चौकटीतून बोलतात, आणि वाचणाऱ्याला त्यांतल्या कोणाचा अधिकार किती हे त्या चौकटीवरून कळत नाही. या बदलाचे परिणाम सार्वजनिक आरोग्याच्या व्यवस्थेने अजून पुरते समजून घेतलेले नाहीत, असे या व्याख्यानाचे प्रतिपादन आहे. आरोग्याची माहिती खरी असणे आवश्यकच आहे. परंतु ती लोकांनी स्वीकारावी यासाठी ती ओळखीच्या आणि विश्वासाच्या माणसाकडून यावी लागते, वेळेवर यावी लागते, आणि तिच्यावर उठणाऱ्या प्रश्नाला उत्तर देणारे कोणीतरी तिथे हजर असावे लागते. शासकीय यंत्रणेने समाजमाध्यमांचा उपयोग बहुतांशी सूचनाफलकासारखा केला आहे, आणि सूचनाफलकाला प्रश्न विचारता येत नाही.

प्रथम माध्यमाचे स्वरूप पाहिले पाहिजे. भारतात व्हॉट्सॲप वापरणाऱ्यांची संख्या चाळीस कोटींहून अधिक असल्याचे त्या कंपनीने २०१९ मध्येच जाहीर केले होते, आणि ग्रामीण महाराष्ट्रात तर 'नेट' म्हणजे व्हॉट्सॲप आणि यूट्यूब अशीच अनेकांची समजूत आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचे संदेश पूर्णतः सांकेतिक स्वरूपात जातात, म्हणजे पाठवणारा आणि मिळवणारा यांच्याखेरीज वाटेत कोणालाही, खुद्द कंपनीलाही, ते वाचता येत नाहीत. नागरिकाच्या खासगीपणाच्या दृष्टीने ही व्यवस्था योग्यच आहे. मात्र तिचा अर्थ असा की एखाद्या तालुक्यात लसीविषयी कोणता मजकूर फिरतो आहे हे तालुका आरोग्य अधिकाऱ्याला बाहेरून कधीच दिसणार नाही. फेसबुकवरची उघडी नोंद त्याला वाचता येते. भावकीच्या गटावरचा, बचतगटाच्या गटावरचा किंवा इमारतीच्या गटावरचा मजकूर त्या गटात बसलेल्या माणसालाच दिसतो. यावरून निघणारा निष्कर्ष साधा असला तरी महत्त्वाचा आहे : या माध्यमात अफवेची पहिली बातमी यंत्रणेला यंत्राकडून मिळणार नाही, ती माणसाकडूनच मिळेल, आणि तो माणूस यंत्रणेला ती सांगण्याइतका तिच्या जवळचा असला पाहिजे.

अफवा ही समाजमाध्यमांची निर्मिती आहे असे समजणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले, आणि त्यानंतरच्या काही आठवड्यांतच शहरात अशी वदंता पसरली की रुग्णालयात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, कारण तिथे त्याला मुद्दाम मारले जाते. त्याच ऑक्टोबरात गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला. पुढच्या वर्षी पुण्यात घरोघरी झडती घेणारे सैनिक, सामानाची जाळपोळ आणि सक्तीचे विलगीकरण यांतून जो संताप साचला त्याचा शेवट पुण्याच्या प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्यावरील २२ जून १८९७ च्या गोळीबारात कसा झाला, हे महाराष्ट्राला ज्ञात आहे. याच काळात वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. लोकांना पटवण्याचा याहून थेट मार्ग नव्हता. तरीही १९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल या गावी एका दूषित बाटलीतील लस टोचल्याने १९ जण धनुर्वाताने दगावले, तेव्हा हाफकिन यांच्यावर ठपका आला आणि लसीची चूक नव्हती हे मान्य व्हायला कित्येक वर्षे गेली. या प्रसंगांना आजच्या संदर्भात आणण्याचे कारण एवढेच की अफवा ही बहुधा आधीपासून असलेल्या अविश्वासाची खूण असते. रुग्णालयात माणूस मारतात ही गोष्ट खोटी होती, परंतु रुग्णालयात नेलेल्या माणसाची खबर घरच्यांना मिळत नव्हती, स्त्रियांची तपासणी त्यांच्या लाजेची पर्वा न करता होत होती, ही गोष्ट खरी होती; आणि खोट्या गोष्टीला पाय फुटले ते या खऱ्या गोष्टीमुळे. निरोप पोहोचवण्याचा वेग आता बदलला आहे, अविश्वासाची कारणे मात्र फारशी बदललेली नाहीत.

वेगाविषयी थोडे नेमके बोलता येते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील सोरूश वोसुघी, डेब रॉय आणि सिनान अराल या तीन संशोधकांनी मार्च २०१८ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. २००६ ते २०१७ या काळात ट्विटरवर सुमारे तीस लाख लोकांनी पसरवलेल्या सव्वा लाखाच्या घरातील बातम्यांची त्यांनी छाननी केली, आणि त्यांना असे आढळले की खोटी बातमी पुढे पाठवली जाण्याची शक्यता खऱ्या बातमीपेक्षा ७० टक्क्यांनी अधिक असते, तसेच १,५०० लोकांपर्यंत पोहोचायला खऱ्या बातमीला खोट्या बातमीच्या सुमारे सहापट वेळ लागतो. याचा दोष स्वयंचलित खात्यांकडे जात नाही, तो माणसांकडेच जातो, असेही या अभ्यासाने दाखवले. खोट्या बातमीत नावीन्य अधिक असते, ती भीती, आश्चर्य आणि किळस जागवते, म्हणून माणसे ती पुढे धाडतात. हा अभ्यास ट्विटरचा आहे, आरोग्याखेरीज राजकारणाच्या बातम्याही त्यात आहेत, त्यामुळे तो व्हॉट्सॲपवर जसाच्या तसा लावता येणार नाही. तथापि आरोग्याच्या बाबतीत आणखी एक प्रेरणा काम करते जी या अभ्यासात दिसत नाही, ती म्हणजे काळजी. आजारपणाविषयीचा मजकूर पुढे पाठवणारी व्यक्ती बहुतेक वेळा आपल्या माणसाला जपण्यासाठीच तो पाठवते. अशा व्यक्तीला अफवा पसरवणारी म्हणून हिणवणे हे अन्यायाचे आहेच, शिवाय निरुपयोगीही आहे.

या प्रेरणेवर हे मजकूर कसे स्वार होतात हे मार्च २०२० मध्ये मराठीसह अनेक भाषांत फिरलेल्या एका संदेशावरून जवळून पाहता येते. कोरोनाचा विषाणू फुप्फुसात उतरण्यापूर्वी चार दिवस घशात राहतो, तेव्हा मीठ घातलेल्या कोमट पाण्याच्या गुळण्या केल्यास तो नाहीसा होतो, असे त्यात म्हटले होते, आणि सोबत घशात हिरवे गोळे दाखवणारे एक चित्र होते. या संदेशातील एकही गोष्ट ऐकणाऱ्याला परकी वाटत नाही. गुळण्या घरोघरी आजीने करायला लावलेल्या असतात, त्यांनी घशाला आराम पडतो हा अनुभव खरा असतो, त्याला पैसे लागत नाहीत, आणि त्याने अपाय होत नाही. चार दिवस हा आकडा शास्त्रीय वाटतो. पण तो निराधार आहे, आणि सर्वांत मोठे खोटे आहे ते हे वाक्य, की यामुळे विषाणू मरतो. आणि धोका आहे तो त्या वाक्यामुळे अंगी येणाऱ्या खोट्या निर्धास्तपणाचा, ज्याच्या भरात ताप आलेला माणूस तपासणी पुढे ढकलतो आणि घरातील वृद्धांमध्ये वावरत राहतो. त्याच महिन्यात युनिसेफच्या नावाने आइस्क्रीम टाळा असे सांगणारा मजकूर इतका पसरला की त्या संस्थेला तो आपला नसल्याचे जाहीर निवेदन काढावे लागले. नावाजलेल्या संस्थेचा किंवा डॉक्टरचा शिक्का, एखादा आकडा, घरातला परिचित उपाय आणि 'आपल्या प्रियजनांना पाठवा' ही शेवटची विनंती हे चार घटक अशा बहुतेक संदेशांत सापडतात. शासकीय संदेशात पहिले दोन असतात आणि उरलेले दोन नसतात. खरा संदेश लिहिणाऱ्यांनी यावरून शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

माहितीचा असा पूर येतो आणि त्यातून खरे वेचणे अवघड होते, या स्थितीला जागतिक आरोग्य संघटनेने 'इन्फोडेमिक' म्हणजे माहितीची साथ असे म्हटले, आणि तिचे महासंचालक टेड्रोस यांनी फेब्रुवारी २०२० मध्ये म्युनिक येथील परिषदेत रोगाच्या साथीबरोबरच या साथीशीही झुंजावे लागत असल्याचे सांगितले. महाराष्ट्रात तिचा पहिला तडाखा बसला तो कुक्कुटपालन करणाऱ्या शेतकऱ्यांना. चिकन खाल्ल्याने कोरोना होतो या अफवेने फेब्रुवारी-मार्च २०२० मध्ये कोंबडीचे भाव उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली गेले, आणि शेडमधले पक्षी पोसणेही परवडेना म्हणून ते मिळेल त्या किमतीला देण्याची वेळ अनेकांवर आली. तेलंगणात मंत्र्यांनी व्यासपीठावर चिकन खाऊन दाखवले. अशा प्रात्यक्षिकाचा हेतू चांगला असतो, परंतु ज्या माणसाने आपल्या चुलतभावाने पाठवलेली चित्रफीत पाहिली आहे, त्याच्या मनात मंत्र्याचे खाणे हे चुलतभावाच्या सांगण्याहून वजनदार ठरेलच असे नाही.

खरे आणि खोटे यांची सीमा अशी स्वच्छ असते तेव्हा काम त्यातल्या त्यात सोपे असते. पुण्यातील जानेवारी २०२५ चा प्रसंग याहून कठीण होता आणि म्हणून अधिक शिकवणारा आहे. सिंहगड रस्ता, धायरी, नांदेड गाव, किरकटवाडी या भागांत गिया बारे सिंड्रोम, म्हणजे जीबीएस, या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले आणि पुढच्या काही आठवड्यांत त्यांची संख्या दोनशेच्या वर गेली. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती, बहुधा एखाद्या जंतुसंसर्गानंतर, चुकून आपल्याच मज्जातंतूंवर हल्ला करते. पायांना मुंग्या येतात, अशक्तपणा वर चढत जातो आणि काही रुग्णांना श्वासासाठी व्हेंटिलेटर लागतो. बहुसंख्य रुग्ण उपचारांनी बरे होतात, मात्र त्याला वेळ लागतो. हा आजार एका माणसाकडून दुसऱ्याला थेट होत नाही, पण त्याआधी होणारा जुलाबाचा संसर्ग दूषित पाण्यातून आणि अन्नातून अनेकांना एकाच वेळी होऊ शकतो. तपासण्यांत काही रुग्णांमध्ये कॅम्पिलोबॅक्टर हा जिवाणू आढळला. हा जिवाणू कोंबड्यांच्या आतड्यात राहतो, त्यामुळे कच्च्या किंवा अर्धवट शिजलेल्या मांसातून तो पोटात जाऊ शकतो, परंतु नीट शिजवलेल्या मांसात तो टिकत नाही. एवढे सगळे एका वाक्यात मावत नाही. गटागटांवर मात्र एकेका वाक्याचे निरोप फिरू लागले, की चिकन सोडा, पनीर सोडा, हा आजार म्हणजे नवा कोरोना आहे.

या भागातील रहिवाशांचा प्रश्न जीबीएस म्हणजे काय हा नव्हता. आपल्या नळाला आज आलेले पाणी पिण्याजोगे आहे का, टँकरचे पाणी कुठून भरले आहे, हा त्यांचा प्रश्न होता; आणि याचे उत्तर दिल्लीच्या किंवा मुंबईच्या अधिकृत खात्यावर असू शकत नाही, कारण ते गल्लीगणिक बदलते. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात या प्रश्नाचे उत्तर देण्याची व्यवस्था फार पूर्वीपासून आहे. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक टाकीत टीसीएल ही क्लोरीनयुक्त जंतुनाशक पावडर टाकतो आणि नंतर नळाच्या पाण्याची 'ओटी टेस्ट' घेतो : छोट्या नळीत पाणी घेऊन त्यात ऑर्थोटोलिडीन या द्रावणाचे थेंब टाकले की पाण्यात क्लोरीन शिल्लक असल्यास ते पिवळे होते, आणि पिवळेपणाच्या छटेवरून त्याचे प्रमाण कळते. ग्राहकाच्या नळापाशी दर लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेले असावे असा भारतीय मानकाचा दंडक आहे. ही चाचणी काही मिनिटांची आहे, तिचा निकाल डोळ्यांना दिसतो, आणि तो एका नोंदवहीत लिहिला जाऊन तिथेच राहतो. त्या पिवळ्या नळीचे छायाचित्र, नळाचे ठिकाण, तारीख आणि वेळ लिहून रोज सकाळी गावाच्या किंवा प्रभागाच्या गटावर टाकले, आणि ज्या दिवशी पाणी पिवळे झाले नाही त्या दिवशी तेही तितक्याच स्वच्छपणे टाकून 'आज पाणी उकळून प्या' असे सांगितले, तर समाजमाध्यमावरचा आरोग्यसंवाद कसा असावा याचा एक पूर्ण नमुना उभा राहील. त्यात उपदेश नाही, स्थानिक आणि पडताळता येणारी वस्तुस्थिती आहे, ती सांगणारा माणूस गावाच्या ओळखीचा आहे, आणि वाईट बातमीही तोच सांगतो म्हणून त्याची चांगली बातमी खरी मानली जाते. शेवटचा मुद्दा यांत सर्वांत मोलाचा आहे. जी यंत्रणा सर्व काही ठीक आहे एवढेच सांगत राहते, तिच्यावर संकटाच्या वेळी कोणी विश्वास ठेवत नाही.

लसीकरणाच्या बाबतीत हाच मुद्दा अधिक गंभीर होतो. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ रोजी गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम सुरू झाली, तेव्हा नऊ महिने ते पंधरा वर्षे वयाच्या मुलांना मुख्यतः शाळांतून ही लस द्यायची होती. या लसीने मुलांना पुढे वंध्यत्व येते असा मजकूर मोहिमेच्या आधीपासूनच काही वस्त्यांत फिरत होता, आणि काही शाळांत पालकांनी संमती नाकारली. पुढे धर्मगुरू, शिक्षक आणि स्थानिक डॉक्टर यांना सोबत घेऊन समजूत घालण्यात आली तेव्हा बरीच वाट मोकळी झाली. गोवर हा अत्यंत वेगाने पसरणारा रोग असल्याने तो रोखण्यासाठी सुमारे ९५ टक्के मुलांना लसीच्या दोन्ही मात्रा मिळाव्या लागतात, आणि हे प्रमाण घसरले की काय होते हे २०२२ च्या अखेरीस मुंबईतील गोवंडी, तसेच भिवंडी आणि मालेगाव या भागांत दिसले, जिथे गोवराच्या उद्रेकात लहान मुले दगावली. या उद्रेकाचा सगळा दोष अफवांवर टाकणे चुकीचे ठरेल. कोरोनाकाळात नियमित लसीकरण मागे पडले होते, दाटीवाटीची वस्ती आणि कुपोषण ही कारणे होती, आणि रोजंदारी बुडवून दवाखान्यात जाणे आईबापांना परवडत नव्हते. अफवेचे नाव पुढे करून सेवेतील उणीव झाकण्याचा मोह यंत्रणेला होतो, आणि तो तितकाच घातक आहे.

खोट्या माहितीला उत्तर देताना खंडन हाच मार्ग सुचतो, पण त्याच्या मर्यादा आहेत. ब्रेंडन नायहन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतील १,७५९ पालकांवर केलेला एक अभ्यास २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. गोवर, गालगुंड आणि रुबेला यांच्या लसीने स्वमग्नता येते या समजाचे खंडन वाचल्यावर पालकांचा तो समज कमी झाला, पण लसीविषयी ज्यांचे मत आधीच प्रतिकूल होते त्यांची पुढच्या मुलाला लस देण्याची तयारी उलट घटली. ज्या लेखातून हा समज पसरला तो अँड्र्यू वेकफिल्ड यांचा १९९८ चा अवघ्या १२ मुलांवरील लेख 'लॅन्सेट'ने २०१० मध्ये मागे घेतला होता, तरीही तो समज जिवंत होता. माणसाच्या मनातली एक शंका युक्तिवादाने दूर केली तरी त्याचा अविश्वास दुसरे कारण शोधतो, असा याचा अर्थ घेता येईल. म्हणून अलीकडे आगाऊ सावध करण्यावर भर दिला जातो : मोहीम सुरू होण्यापूर्वीच लोकांना सांगावे की लस घेतल्यावर एखाद्या मुलाला ताप येईल, हात दुखेल, ताप अमुक दिवसांत उतरेल, आणि या काळात तुम्हाला अशा अशा प्रकारचे संदेश येतील. जे आधी सांगितले गेले आहे ते घडले म्हणजे सांगणाऱ्याचा शब्द खरा ठरतो. जे लपवले गेले ते घडले, तर त्याची चित्रफीत होते.

विश्वासाचा माणूस म्हणजे कोण, याचे उत्तर महाराष्ट्राला बाहेरून शोधून आणावे लागणार नाही. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' या संस्थेने गावातल्याच कमी शिकलेल्या स्त्रियांना नवजात बालकांची घरी काळजी घेण्याचे शिक्षण दिले, आणि ३९ गावांतील या प्रयोगात नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचे १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. बाळाला गुंडाळून ठेवा, लगेच अंगावर पाजा, ही माहिती त्या काळीही छापील पत्रकांत होतीच. ती आचरणात आली ती गावच्या बाईने घरात येऊन, बाळाला हात लावून सांगितल्यावर. आशा कार्यकर्ती ही त्याच विचाराची शासकीय आवृत्ती आहे, आणि आज तिच्या हातात स्मार्टफोन आहे. परंतु त्या फोनवरील वाहतूक पाहिली तर ती जवळजवळ सगळी खालून वर जाणारी असते : आज किती घरे झाली, किती गरोदर मातांची नोंद झाली, सर्वेक्षणाचे फोटो कुठे आहेत. वरून खाली येते ते नव्या अहवालाच्या तक्त्याची मागणी आणि कधीमधी एखादे रंगीत पत्रक, ज्याचे अक्षर लहान असते आणि ज्यावर मान्यवरांची छायाचित्रे मजकुराहून अधिक जागा घेतात. तिला गावातल्या एखाद्या सुनेने विचारलेला प्रश्न डॉक्टरांपुढे ठेवून तासाभरात उत्तर मिळवता येईल, अशी सोय त्या फोनवर असायला हवी. तसे झाले तर समाजमाध्यमाची खरी ताकद वापरात येईल.

प्रश्नोत्तराचे महत्त्व मराठी समाजाला रघुनाथ धोंडो कर्वे यांनी फार पूर्वी दाखवून दिले आहे. जुलै १९२७ मध्ये सुरू झालेले त्यांचे 'समाजस्वास्थ्य' हे मासिक त्यांनी १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य यांविषयी जे प्रश्न माणसे घरात, डॉक्टरकडे किंवा मित्रापाशीही काढू शकत नव्हती, ते टपालाने त्यांच्याकडे येत आणि मासिकात त्यांची सरळ उत्तरे छापली जात. अशा उत्तरांवरूनच त्यांच्यावर १९३४ मध्ये अश्लीलतेचा खटला भरण्यात आला, ज्यात त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. मासिक पाळी, गर्भपात, गुप्तरोग, नैराश्य, व्यसन यांविषयीचे प्रश्न आजही कुटुंबाच्या गटावर कोणी विचारत नाही. ते रात्री एकट्याने यूट्यूबच्या शोधपट्टीत टाकले जातात, आणि तिथे जो पहिला भेटतो तोच गुरू होतो. यूट्यूबवर मराठीतून नेमके आणि संयमाने बोलणारे डॉक्टर आहेत, त्यांचा उपकार मोठा आहे. परंतु कोणती चित्रफीत वर दिसावी हे ठरवणारी संगणकीय पद्धत माणूस किती वेळ पाहत राहतो यावर मुख्यतः चालते, आणि आरोग्याचे पुष्कळसे खरे उत्तर अर्ध्या मिनिटात संपणारे असते. 'साधी सर्दी आहे, विश्रांती घ्या, प्रतिजैविक नको' हे वाक्य कोणालाही वीस मिनिटे खिळवून ठेवणार नाही.

माध्यमाचा चांगला उपयोग झाल्याची उदाहरणेही नोंदवली पाहिजेत. एप्रिल २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत खाटा, प्राणवायू आणि औषधे यांचा शोध घेणाऱ्या हजारो लोकांना ट्विटर आणि व्हॉट्सॲपवरील अनोळखी स्वयंसेवकांनी मदत केली. दूरध्वनी करून खात्री करायची, यादीवर तपासल्याची वेळ टाकायची, संपलेली जागा लगेच खोडायची, ही शिस्त या तरुणांनी स्वतःहून घालून घेतली. अशी मदत मागणाऱ्या नागरिकांवर कारवाई करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२१ रोजी बजावले. माहिती लोकांकडून यंत्रणेकडेही जाते, आणि ती दाबली तर यंत्रणाच आंधळी होते, हे त्या आदेशामागचे तत्त्व होते. मुंबईतील 'अरमान' या संस्थेच्या 'एममित्र' उपक्रमाने दुसरी बाजू दाखवली : गरोदरपणाच्या त्या त्या आठवड्याला लागू पडणारा ध्वनिसंदेश स्त्रीने सांगितलेल्या वेळी तिच्या साध्या फोनवर जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीत देशातील ५७ टक्के पुरुषांनी, पण अवघ्या ३३ टक्के स्त्रियांनी इंटरनेट कधीतरी वापरल्याचे सांगितले. बाळंतपण, लसीकरण आणि पोषण यांची माहिती जिला हवी तिच्याच हातात फोन कमी आहे, हे लक्षात घेता ध्वनी आणि साधा फोन यांना गौण मानून चालणार नाही. मेळघाटातील कोरकू किंवा गडचिरोलीतील गोंडी बोलणाऱ्या स्त्रीसाठी तर छापील प्रमाण मराठीतील पत्रकापेक्षा तिच्या भाषेतील एका मिनिटाचा आवाज कितीतरी उपयोगी आहे.

सर्पदंशाचे उदाहरण या माध्यमाची मर्यादा दाखवण्यासाठी घ्यावे लागते. भारतात दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे सर्पदंशाने मरतात असा अंदाज आहे. गावोगावच्या सर्पमित्रांचे गट हे महाराष्ट्राचे वैशिष्ट्य असून बिनविषारी साप वाचवण्यात आणि भीती घालवण्यात त्यांचा वाटा मोठा आहे. परंतु दंश झाल्यावर सापाचा फोटो काढून तो गटावर टाकणे आणि उत्तराची वाट पाहणे यात मोलाचा वेळ जातो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही प्रमुख विषारी सापांवर एकच प्रतिसर्पविष चालते, आणि ते रुग्णालयातच देता येते. जखम कापू नये, आवळून बांधू नये, तोंडाने चोखू नये, दंश झालेला अवयव हलवू नये आणि १०८ क्रमांकाला फोन करून निघावे, एवढाच निरोप या बाबतीत पुरेसा आहे, आणि तो पावसाळ्यापूर्वी प्रत्येक गावगटावर जायला हवा. काही प्रसंगी फोन खाली ठेवणे हाच योग्य सल्ला असतो.

रुग्णाच्या खासगीपणाचा प्रश्न याहून नाजूक आहे. कोरोनाच्या पहिल्या वर्षात बाधितांची नावे आणि पत्ते असलेल्या याद्या ठिकठिकाणी गटांवर फिरल्या, आणि त्यांतून बहिष्कार, घर सोडायला लावणे, दुकानदाराने सामान नाकारणे असे प्रकार घडले. उघड झालेले नाव परत घेता येत नाही. आरोग्याविषयीच्या खोट्या दाव्यांना आळा घालण्यासाठीही कायद्याचा आधार अपुरा आहे. चमत्कारी औषधांच्या जाहिरातींना आळा घालणारा कायदा १९५४ चा आहे, म्हणजे तो वृत्तपत्रांच्या काळासाठी लिहिला गेला. भारतीय जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३ मध्ये आरोग्यावर बोलणाऱ्या समाजमाध्यमी प्रभावकांनी आपली शैक्षणिक पात्रता स्पष्ट दाखवावी असा नियम केला, पण त्याला कायद्याचे बळ नाही. आणि राष्ट्रीय वैद्यक आयोगाने त्याच महिन्यात आणलेली नियमावली, जिच्यात डॉक्टरांच्या समाजमाध्यमावरील वर्तनाचीही सूत्रे होती, काही दिवसांतच स्थगित झाली. व्हॉट्सॲपने मात्र जुलै २०१८ मध्ये भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली, आणि एप्रिल २०२० मध्ये अनेकदा पुढे गेलेला संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल अशी ती आणखी आवळली, तेव्हा अशा संदेशांचे प्रमाण ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले. मजकूर न वाचताही प्रवाहाचा वेग कमी करता येतो हे यातून सिद्ध झाले, आणि म्हणून आपल्या हाती काही नाही हे कंपन्यांचे म्हणणे मान्य करण्याचे कारण नाही.

शासनाकडे या व्याख्यानाचे मागणे मर्यादित आहे. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याला आपल्या कार्यक्षेत्रातील पाणी, साथ आणि लसीकरण यांविषयी लोकांच्या प्रश्नांना गटावर थेट उत्तर देण्याचा लेखी अधिकार मिळावा, त्यासाठी जिल्ह्याच्या किंवा मंत्रालयाच्या परवानगीची वाट पाहावी लागू नये, आणि प्रामाणिकपणे दिलेले उत्तर पुढच्या माहितीने बदलावे लागले तर त्याबद्दल त्याच्यावर कारवाई होऊ नये. आजच्या व्यवस्थेत गप्प राहणारा अधिकारी सुरक्षित असतो आणि बोलणारा अडचणीत येतो. त्यामुळे अफवेनंतरचे पहिले दोन दिवस, जे सर्वांत निर्णायक असतात, ते बहुधा शांततेत जातात. आशा कार्यकर्तीला या कामाचा वेगळा मोबदला द्यावा, कारण संध्याकाळी आठ वाजता फोनवर दिलेले उत्तर हेही कामच आहे. डॉक्टरांनी आपापल्या इमारतीच्या, गावाच्या, शाळेच्या गटावर आठवड्यातून एकदा तरी मराठीत चार ओळी लिहाव्यात आणि त्यांच्याखाली आपले नाव घालावे. आणि ज्यांच्याकडे दुसरे काही नाही त्या सर्वसामान्य वाचकांना विनंती एवढीच की आरोग्याचा कोणताही मजकूर पुढे धाडण्यापूर्वी तो आपल्या गावच्या नर्सताईंना किंवा डॉक्टरांना दाखवावा, आणि त्यांचे उत्तर ज्या गटावर तो मजकूर आला त्याच गटावर टाकावे.